पांढऱ्याची पिवळी: टॅक्सीची एचएसआरपी पाटी गाडीला नवं भोक न पाडता कशी बसवायची?

घाटवाट

मंडळी, खासगी गाडी टॅक्सी परमिटवर घेतली की पांढरी पाटी उतरते आणि पिवळी चढते. काम दहा मिनिटांचं. पण त्या दहा मिनिटांत बसवणारा ड्रिल लावून पुढच्या बंपरला दोन आणि डिकीच्या पत्र्याला दोन भोकं पाडून मोकळा होतो. पुढेमागे गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक पहिलं बोट त्या भोकांवर ठेवतं. डिकीच्या भोकातून गंजाचा ओघळ आलेला असेल तर भाव तिथेच पडतो.

विचारायचं ते असं. एचएसआरपीची, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटची, लॉकं एकदा बसली की निघत नाहीत. मग कारखान्याने दिलेल्या भोकांचा उपयोग कसा करून घ्यायचा? ती भोकं आणि पाटीची भोकं जुळली नाहीत तर? फ्रेम चालते का? दुहेरी चिकटपट्टी, लोहचुंबक यात काही अर्थ आहे का? गाडी सेडान, पुढे-मागे ५०० बाय १२० मिमीची पाटी, मागची डिकीवर. ज्यांचा हात या कामात बसलेला आहे त्यांनी मापं धरून लिहावं ही विनंती.

नियमपान

आधी पाटी नीट समजून घेऊ, निम्म्या चुका तिथेच होतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ५० या पाटीबद्दल आहे. १ मिमी जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर उजेड परतवणारी फिल्म, डाव्या बाजूला २० बाय २० मिमीचा अशोकचक्राचा होलोग्राम, निळ्या रंगात IND ही तीन अक्षरं, आणि डावीकडे खाली लेझरने कोरलेला किमान दहा अंकी क्रमांक. हा लेझर क्रमांक गाडीच्या नोंदीशी जोडलेला असतो. त्यावर फ्रेमची कड, स्क्रूचं डोकं, स्टिकर, यातलं काहीही आलं तर पाटी सदोष.

रंग: टॅक्सीला पिवळ्यावर काळी अक्षरं. चालकाशिवाय भाड्याने देण्याच्या गाडीला काळ्यावर पिवळी. इलेक्ट्रिक टॅक्सीला हिरव्यावर पिवळी. काचेच्या आत, वरच्या डाव्या कोपऱ्यात १०० बाय ६० मिमीचा स्टिकर असतो, तीच तिसरी पाटी. पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी.

क्रम चुकवू नका. आधी परिवहन खात्याच्या ‘वाहन’ या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत गाडीचा वर्ग बदलून खासगीचा परिवहन झाला पाहिजे, नंतर पाटीची नोंदणी. वर्ग बदलायच्या आत बुकिंग केलं तर प्रणालीत जो वर्ग दिसतो त्याचीच पाटी छापून येते, म्हणजे पुन्हा पांढरीच. महाराष्ट्रात जुन्या चारचाकीसाठी दर ७४५ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे, आणि त्यात लॉकं धरलेली आहेत. लॉकसाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

लॉक परत न वापरता येणारं असलं पाहिजे, हा नियमाचा गाभा आहे. पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणून ते आहे. पुढे जी काही युक्ती सांगाल ती याला धक्का न लावणारी हवी.

पाना_दहा

नियमपान यांचा शेवटचा मुद्दा धरूनच सांगतो. सूत्र एवढंच: गाडीला बैठक, म्हणजे पाटीमागचा सपाट तुकडा, बसवा, पाटी बैठकीला लॉक करा. गाडीत जे जाईल ते कारखान्याच्या भोकातूनच जाईल. नवं भोक पडायचंच असेल तर ते बैठकीत पडू दे. बैठक बदलता येते, डिकीचं झाकण बदलायला निघालात तर रंगासकट हिशेब करावा लागतो.

आणि बैठकीचे स्क्रू पाटीच्या मागे झाकले जातात. म्हणजे बैठक सोडवायची तर आधी पाटी काढायला हवी, आणि पाटी काढायची तर लॉक तोडायलाच हवं. नियमाचा हेतू पूर्ण राखला जातो. बाजारात ज्या फ्रेमचे स्क्रू बाहेरून दिसतात, ती फ्रेम घेऊ नका. चार स्क्रू सोडले की फ्रेमसकट पाटी चोराच्या हातात. तपासणीतही त्यावर बोट ठेवलं जाईल आणि ते रास्तच आहे.

आता काम.

पहिल्यांदा गाडी बघा. जुनी पाटी उतरवली की पुढच्या बंपरवर दोन भोकं दिसतील, मागे यू क्लिप (आटे असलेली पत्र्याची चिमटी) किंवा प्लास्टिकचं ग्रोमेट. डिकीवर बहुतेक चौकोनी भोकात बसवलेली प्लास्टिकची ग्रोमेटं असतात. स्क्रू आत गेला की ग्रोमेट आतल्या आत फुलतं आणि पत्रा धरून ठेवतं. बोटाने हलवून बघा. ग्रोमेट जागच्या जागी फिरत असेल तर त्याचं आयुष्य संपलं. त्यात जाडा स्क्रू कोंबायचा नाही, चौकोनी भोक गोल होतं आणि मग कायमची डोकेदुखी. जुनं ग्रोमेट नमुना म्हणून स्पेअरपार्टच्या दुकानात न्या, तसंच आणा.

दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा, पुढचं वेगळं, मागचं वेगळं. दोन्हीकडे सारखं असेल असं धरून चालू नका.

बैठकीला ३ मिमी जाडीचा एसीपीचा तुकडा उत्तम. दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमची पातळ कातडी, मध्ये प्लास्टिक. गंजत नाही, सरळ राहतो, हाताच्या ड्रिलने भोक पडतं. २ मिमी अॅल्युमिनियमचा पत्राही चालतो. माप ४९६ बाय ११६, म्हणजे चारही बाजूंनी २ मिमी आत. कड पाटीबाहेर डोकावत नाही, अक्षर झाकायचा प्रश्नच येत नाही. कोपरे गोल करा, कडांवरून कानस फिरवा. धारदार कोपरा धुताना हातही कापतो आणि रंगही.

गाडीच्या अंतराप्रमाणे बैठकीला दोन भोकं, ६ मिमीच्या स्क्रूला साडेसहाची. त्यातलं एक आडवं लांबट करा, साडेसहा बाय बारा. मोजण्यात दोन-तीन मिमीची चूक झाली तरी बैठक सरकवून जुळते. दोन्ही गोल केलीत आणि २ मिमीने चुकलात, तर जोर लावून बसवताना ग्रोमेट तिरकं होतं. लांबट भोकावर मोठा वायसर घ्या, नाहीतर एसीपीचं मधलं प्लास्टिक चेपतं.

स्क्रूचं डोकं चपटं हवं, ३ मिमीच्या आत. उंच डोकं पाटीला मागून ढकलतं आणि काही दिवसांत पाटीवर उंचवटा उठतो. तिथली फिल्म ताणून तडकते.

घाटवाट

बैठक गाडीला आधीच बसवली तर लॉकचा मागचा भाग आत कसा घालायचा? मागे तर बंपर.

पाना_दहा

हाच कळीचा प्रश्न आहे, म्हणून बैठक घरून बसवून न्यायची नाही. पाटी बसवण्याच्या केंद्रावर सुटी न्यायची.

क्रम असा. बाकावर बैठक ठेवा, तिच्यावर पाटी ठेवा. लॉकच्या जागा बैठकीवर खुणा करा. पाटीला आधीच भोकं असतील तर तीच. नसतील तर दोन अक्षरांच्या मधली मोकळी जागा, लेझर क्रमांक आणि होलोग्रामपासून लांब. गाडीच्या स्क्रूपासून लॉक निदान ३० मिमी दूर ठेवा, म्हणजे डोकं आणि लॉक एकमेकांवर येत नाहीत. ही भोकं बैठकीत बाकावरच पाडा. खाली लाकडी फळी ठेवा.

लॉक हातात घेऊन बघा. दोन भाग असतात, एक दुसऱ्यात दाबला की दाते एकाच दिशेने सरकतात आणि टक् आवाज होतो. जो भाग मागून येतो तो बैठकीत आधीच घालून ठेवायचा आणि तो बैठकीच्या मागे किती बाहेर येतो ते मोजायचं. समजा ८ मिमी येतो. मग बैठक आणि गाडी यांच्यात १० मिमीचं अंतर हवं. स्क्रूवर १० मिमी उंचीचा नायलॉनचा बुश (पोकळ नळीचा तुकडा) घाला, चार कोपऱ्यांना तेवढ्याच उंचीच्या रबरी गुंड्या चिकटवा. हे अंतर न ठेवता बैठक आवळली तर लॉकचं शेपूट रंगात रुततं, आणि गाडी हलते तसं तिथे खड्डा पडत जातो.

स्क्रूची लांबी यावरून काढा: बैठक ३, बुश १०, आत पकडायला १२ ते १५. म्हणजे २५ किंवा फार तर ३०. जुना २० मिमीचा स्क्रू परत लावलात तर तो ग्रोमेटच्या टोकालाच धरतो आणि पहिल्या घाटात पाटी गळते. उलट ४०चा लावलात तर पुढे बंपरमागच्या वायरींना टोचेल.

मग बैठक गाडीला लावा. आवळणं मनगटाच्या जोरावर, साध्या स्क्रूड्रायव्हरने. हवेची किंवा बॅटरीची गन प्लास्टिकच्या ग्रोमेटला लावायची नाही, एका क्षणात आटे उडतात. शेवटी पाटी ठेवायची आणि दोन्ही लॉकं दाबायची. पाटी आणि बैठक यांच्यात लॉकच्या जागी, स्क्रूचं डोकं आणि त्याखालचे वायसर मिळून जेवढी उंची होते तेवढ्या जाडीचा नायलॉन वायसर, आणि कडेने त्याच जाडीची बंद छिद्रांच्या फोमची पट्टी. स्क्रूची डोकी त्या पोकळीत आरामात मावतात.

मुळाकाठ

एवढा खटाटोप कशाला? गाड्यांच्या चिन्हांना जी जाड काळी-करडी दुहेरी पट्टी वापरतात ती लावली की झालं. दहा वर्षं हलत नाही.

रंगारी

चिन्हाचं वजन आणि आकार बघा, पाटीचा बघा. पट्टी चांगली आहे, तिला नावं ठेवत नाही, पण तिच्या अटी आहेत. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसलेली हवी. पृष्ठभाग १० अंशांच्या वर हवा. सगळीकडून दाब द्यायला हवा. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, म्हणजे तीन दिवस गाडी धुवायची नाही. यातलं एकही केंद्रावरच्या रांगेत होत नाही. आणि बंपरचा रंग न दिलेला, काळा, खरखरीत भाग असतो तो पॉलिप्रॉपिलीन. त्यावर प्रायमरशिवाय ही पट्टी धरतच नाही.

पुढच्या पाटीच्या मागे पावसाळ्यात साचलेलं पाणी दाबाने घुसतं. गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की पाटीची खालची कड उचलली जाते आणि पट्टी सोललेल्या सालीसारखी सुटत जाते.

आणि मुख्य म्हणजे पट्टी लॉकची जागा घेऊ शकत नाही. बैठक डगमगू नये म्हणून लॉक आणि स्क्रूच्या जोडीला लावायची असेल तर जरूर लावा. ती काढायची वेळ आली तर हेअर ड्रायरने कोमट करून मागून मासेमारीची दोरी करवतीसारखी ओढा. पट्टी कापली जाते, रंग राहतो. पत्र्याचा सुरा आत घालू नका.

लोहचुंबकाचं एका ओळीत सांगतो. बंपर प्लास्टिकचा, त्याला चुंबक धरत नाही. डिकीला धरतो, पण मध्ये अडकलेली धूळ पॉलिशपेपरचं काम करते.

लेस्टरकर

चुंबकाचा विषय निघाला म्हणून इथलं सांगतो, कारण ब्रिटनमध्ये टॅक्सीची पाटी वेगळीच असते आणि न भोसकता बसवण्याचा प्रश्न मात्र तोच आहे.

इथे गाडीची नंबर प्लेट सगळ्यांना सारखी, पुढे पांढरी, मागे पिवळी. म्हणजे मागची पिवळी पाटी बघून भारतातून आलेला माणूस प्रत्येक गाडी टॅक्सी समजतो. टॅक्सी आणि प्रायव्हेट हायर गाडीला तिच्या जोडीला परवाना देणाऱ्या कौन्सिलची वेगळी पाटी मागे लावावी लागते. त्यावर परवाना क्रमांक, मुदत, किती प्रवासी हे असतं. पाटी कौन्सिलच्या मालकीची, परवाना संपला की परत करायची. लंडनमध्ये प्रायव्हेट हायर गाड्यांना ही बाहेरची पाटी नसते, पुढच्या आणि मागच्या काचेवर गोल स्टिकर असतो.

भोक टाळायची पद्धत पाना_दहांच्या बैठकीचंच भावंड आहे. नंबर प्लेटच्या मागे एक पट्टा घालतात, तो नंबर प्लेटच्याच स्क्रूंवर बसतो आणि खाली किंवा वर बाहेर येऊन परवान्याची पाटी धरतो. गाडीला एकही नवं भोक नाही. दोन गोष्टी बिघडतात. पट्ट्याला आधार वरच्याच दोन स्क्रूंचा असल्याने खालची कड फडफडते आणि बंपरवर चंद्रकोरीसारखी खूण उमटते. खालच्या कडेला रबरी गुंड्या लावल्या की ती थांबते. दुसरं, पाटी खाली लोंबली तर पार्किंग सेन्सरच्या आड येते आणि रिव्हर्स टाकताच सतत बीप. सेन्सरपासून कड दूर आहे ना, हे आधी कागदाची पाटी कापून, चिकटवून बघावं. चुंबकाची पाटी कुठे चालते, कुठे नाही, हे प्रत्येक कौन्सिलच्या अटींवर ठरतं, म्हणून आधी परवान्याच्या अटी वाचाव्यात.

पाना_दहा

कागदाच्या पाटीची युक्ती इकडेही लागू. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, त्यामुळे त्या काळानंतरच्या बहुतेक टॅक्सींना ते आहेत. पुठ्ठा ५०० बाय १२० कापा, कागदी टेपने लावा, रिव्हर्स टाका, डिकी उघडून बघा. १० मिमीच्या बुशमुळे पाटी पुढे आली की डिकी उघडायच्या खटक्यावर बोट नीट पोहोचतं का, कॅमेऱ्याच्या चित्रात पाटीची कड येते का, आणि पाटीवरचा दिवा झाकला जातो का, हे पुठ्ठ्यावर दोन मिनिटांत कळतं. दिव्याचा उजेड पाटीच्या वरच्या कडेला अडला तर अक्षरं अंधारात राहतात. तसं होत असेल तर बुश कमी करून लॉकच्या शेपटापुरतं डिकीच्या पत्र्यापासून अंतर राहील एवढाच ठेवा.

खाडीकाठ

कोकण, गोवा, मुंबईच्या किनारी भागातल्यांसाठी स्क्रूबद्दल लिहितो. पाटी अॅल्युमिनियम, स्क्रू लोखंडी, वर खारी हवा. झिंकचा मुलामा दिलेला स्क्रू एका पावसाळ्यात तपकिरी होतो आणि पांढऱ्या गाडीवर त्याचे ओघळ येतात. ते ओघळ नुसत्या शॅम्पूने जात नाहीत.

स्टेनलेस घ्या, ३०४ प्रतीचा. अगदी समुद्रालगत गाडी उभी राहत असेल तर ३१६. पण एक धोका: स्टेनलेस थेट अॅल्युमिनियमला टेकला आणि मध्ये मिठाचं पाणी आलं की स्टेनलेस शाबूत राहतो, अॅल्युमिनियम खाल्लं जातं. भोकाभोवती पांढरी भुकटी धरते, भोक रुंदावतं आणि बैठक खुळखुळू लागते. म्हणून स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वायसर हवाच, शक्य असेल तर कॉलर असलेला, म्हणजे भोकाच्या आतली कडही वेगळी राहते. एसीपीची कातडीही अॅल्युमिनियमचीच आहे हे विसरू नका.

फोम बंद छिद्रांचाच. गादीचा स्पंज लावलात तर तो पाणी धरून बसतो आणि पाटीमागचा रंग सतत ओला राहतो. दाबून सोडल्यावर पाणी गळत असेल तो फोम गाडीला लावू नये.

हिरवी_पाटी

इलेक्ट्रिक टॅक्सीला पुढे भोकंच नसतील, सपाट बंपर असेल तर?

रंगारी

आधी गाडीची पुस्तिका बघा, कंपनीचा पुढच्या पाटीचा ब्रॅकेट सुटा भाग म्हणून मिळतो का ते विचारा. कित्येक बंपरना मागच्या बाजूने खळगे ओतलेले असतात, पुढून दिसत नाहीत. बंपरच्या आतून मोबाइलचा टॉर्च लावला की ते कळतात. कंपनीने भोकासाठी ठरवलेली जागा तीच. काही इलेक्ट्रिक गाड्यांत चार्जिंगचं झाकण पुढच्या जाळीपाशी असतं, पाटी त्याच्या उघडण्याच्या वाटेत येता कामा नये.

आणि खरोखर भोक पाडावंच लागलं तर ते असं पाडा.

बंपरच्या मागे काय आहे हे बघितल्याशिवाय ड्रिल उचलू नका. पेट्रोल, सीएनजी, डिझेल असो की इलेक्ट्रिक, गाडीत पुढे एसीचा कंडेन्सर असतो, पातळ अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि पात्यांचा. ड्रिल निसटून त्याला लागलं की गॅस गेला, आणि दोन भोकांचं काम कंडेन्सर बदलण्यावर जातं. बंपरची कातडी अडीच-तीन मिमीची असते. बिटच्या टोकापासून ६ मिमीवर टेपचे चार-पाच वेढे द्या. वेढा बंपरला टेकला की थांबायचं. शक्य असेल तर मागे लाकडाची चीप धरा.

रंगावर कागदी टेप, खूण टेपवर. पहिलं बिट २ मिमी, मग ४, मग ६. वेग कमी. जोरात फिरवलं तर प्लास्टिक कापलं न जाता वितळतं, भोकाभोवती कडं उठतं आणि रंग तिथून पापडीसारखा सुटतो.

डिकीच्या पत्र्यात भोक हा शेवटचा उपाय. पाडलंच तर काम तिथे संपत नाही, सुरू होतं. कड कानसने साफ करा. पडलेला कीस चुंबकाने उचला, नाहीतर तो डिकीच्या तळाशी बसतो आणि पहिल्या पावसानंतर तिथे लाल ठिपके उठतात. उघड्या कडेला प्रायमर, तो सुकल्यावर गाडीच्या रंगाचा टचअप, तोही सुकल्यावर मग ग्रोमेट. हे सुकणं वाट बघण्याचं काम आहे. बसवणारा थांबत नाही, म्हणूनच डिकीला गंज धरतो. भोक आदल्या दिवशी पाडून, रंगवून गाडी केंद्रावर न्या.

नियमपान

जुनी काळी-पिवळी आठवते ना, पद्मिनी? तिची शेवटची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत झाली. लोखंडी बंपर, पाटी बोल्टने थेट टांगलेली, पाहिजे तेवढी भोकं पाडा. आजचे बसवणारे हात त्याच सवयीचे आहेत आणि बंपर मात्र रंगवलेल्या प्लास्टिकचे. अडचण तिथे आहे.

घाटवाट

खूप उपयोगी. अजून दोन शंका. पांढऱ्या पाटीची लॉकं काढायची कशी? आणि पुढचा बंपर मध्ये फुगीर आहे, सपाट पाटी टोकांना पंधरा मिमी तरंगते.

रंगारी

लॉक काढायचं काम केंद्रावरच होऊ द्या. जुनी पाटीही तिथेच जमा करायची असते. घरी तोडून बिनपाटीची गाडी रस्त्यावर आणू नका. पण तोडताना शेजारी उभे राहा. स्क्रूड्रायव्हर पाटीमागे घालून उचकटलं की डिकीच्या पत्र्याला पोचा येतो, तो नक्की येतो. पाटीखाली जाड प्लास्टिकचं कार्ड सरकवा, लॉकच्या डोक्याच्या मध्यावर ५ मिमीचं बिट लावून डोकं कापा आणि दांडी हळूच आत ढकला. आत पडलेला तुकडा शोधून काढा. तो डिकीच्या दुहेरी पत्र्यात राहिला तर प्रत्येक खड्ड्याला वाजत राहील आणि गॅरेजवाले सस्पेन्शन खोलून बसतील.

पाना_दहा

फुगीर बंपरवर पाटी वाकवायची नाही. वाकवलेल्या पाटीची फिल्म अक्षरांच्या उठावाच्या कडेला तडकते, तिथून पाणी शिरतं आणि पिवळा रंग ढगाळ होतो. बैठक सरळ राहू द्या, वाकाची भरपाई गुंड्यांनी करा: मधल्या बाजूला कमी उंचीच्या, टोकांना त्यापेक्षा पंधरा मिमी जास्त उंचीच्या. टोकाला गुंडी नसेल तर धुताना हाताचा दाब पडून पाटी टोकाशी दुमडते. पाण्याचा जोरदार फवाराही पाटीच्या कडेवर सरळ धरायचा नाही, वरून खाली धरायचा.

पाटी जाळीसमोर उंच लावून ही अडचण सोडवतात काही जण. ते करू नका. रेडिएटर आणि कंडेन्सरची हवा अडते, आणि उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये एसी थंड करत नाही म्हणून गॅस भरत बसता.

मुळाकाठ

पट्टीचं पटलं. एक शंका, बैठकीचे स्क्रू झाकलेले राहणार, मग ते ढिले पडले तर आवळणार कसे? थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे जाम करणाऱ्या द्रवाचा, थेंब टाकावा का?

पाना_दहा

चांगलं विचारलंत. प्लास्टिकच्या ग्रोमेटला थ्रेडलॉक अजिबात नको. ते द्रव काही प्लास्टिकला आतून चिरा पाडतं. आज दिसत नाही, सहा महिन्यांनी ग्रोमेट दोन तुकड्यांत हातात येतं. प्लास्टिकमध्ये बसणारा स्क्रू स्वतःच्या घर्षणाने धरतो, त्याला फक्त ग्रोमेट नवं हवं. यू क्लिप किंवा लोखंडी नट असेल तिथे डोक्याखाली स्प्रिंग वायसर, त्याच्याखाली साधा मोठा वायसर, सगळ्यात खाली नायलॉनचा.

आणि पाटी लॉक करायच्या आधी, नुसती बैठक लावलेली असताना, तिला दोन्ही टोकांना धरून जोराने हलवा. डिकी चार-पाच वेळा आपटून बंद करा. मग स्क्रूला पुन्हा पाना लावून बघा. पाव फेरा आत गेला तर फोम किंवा गुंडी बसते आहे, पुन्हा आपटा, पुन्हा बघा. स्क्रू जागचा हलत नाही असं झालं की मगच बसवणाऱ्याला पाटी ठेवू द्या.